गाठीचं वय

हिंदुरावांच्या यकृतात पाण्याची गाठ आहे असं निघालं, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरी कुत्रं आहे का, हा.

हिंदुराव म्हणाले, "किती पायजेत?"

धायरीत त्यांची शेती होती तिथे आता इमारती उभ्या होत्या. उरलेल्या तुकड्यावर घर होतं, घरामागे जुना गोठा, आणि गोठ्यात म्हशींच्या जागी कुत्री. एकेक इमारत पुरी झाली की वॉचमन आपलं बोचकं उचलून दुसऱ्या साइटवर जायचा आणि त्याने पाळलेली कुत्री मागे राहायची. ती हळूहळू हिंदुरावांकडे येत गेली. समोरच्या सोसायटीतले लोक गोठ्याला शेल्टर म्हणत, आणि त्यांनी हौसेने तशी पाटीही आणून लावली होती. हिंदुराव गोठाच म्हणत. घराच्या उंबऱ्यावर झोपायची मुभा मात्र एकट्या चंपीला होती. ती चार वर्षांची तपकिरी कुत्री हिंदुराव संडासला गेले तरी दाराबाहेर बसून राहायची.

कुत्र्यांची विष्ठा तपासणं हे त्यांच्या मुलीचं, निशाचं, कामच होतं. पशुवैद्यकीची पदवी घेऊन, पुढे परोपजीवींचा अभ्यास करून ती शहरातल्या एका प्रयोगशाळेत लागली होती आणि नवऱ्याबरोबर खडकीला राहत होती. तिचा भाऊ रणजित पाहुण्यांना तिची ओळख "आमच्याकडच्या शी-तज्ज्ञ" अशी करून द्यायचा. निशा त्यावर काही बोलत नसे. तिला एकूणच कमी बोलायची सवय होती, आणि जे बोलायची ते तपासून.

सर्जनांनी तिला स्कॅन दाखवला. गाठ मोठी होती. आत लहान लहान पिशव्या होत्या आणि बाहेरच्या भिंतीवर काही ठिकाणी चुना बसलेला होता. गोळ्यांनी एवढी गाठ जाणार नव्हती. काही दिवस गोळ्या देऊन मग ती काढायची, आणि तोपर्यंत पोटाला धक्का लागू द्यायचा नाही, असं सर्जन म्हणाले. आतलं पाणी पोटात सांडलं तर शरीर ते सहन करेलच असं नाही, हे त्यांनी इंग्रजीत आणि हळू आवाजात सांगितलं. निशाला ते माहीत होतं.

घरी आल्यावर रणजित म्हणाला, की आधी गोठा रिकामा करायचा, बाकीचं नंतर. निशाची आई मथुराबाई त्याच्या बाजूने होत्या. नवऱ्याच्या पोटात जी गोष्ट वाढतेय ती कुत्र्यामुळे होते एवढंच त्यांनी ऐकलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी चंपीची थाळी उचलून कचऱ्यात टाकली.

हिंदुराव खाटेवर बसून सगळ्यांचं ऐकत होते. सगळ्यांचं झाल्यावर ते रणजितला म्हणाले, "मी तिकडं टेबलावर झोपनार आन् हिकडं तू गोठा खाली करनार. मला काय कळत न्हाई व्हय?"

"आबा, सिरीयस मॅटर आहे हे. तुमच्या जिवाचं चाललंय आणि तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय."

"मंग निशीला तपासू दे. त्यांच्यामुळं झालं आसंल तर घालवा सगळी, चंपीलाबी घालवा. त्यांच्यामुळं न्हाई झालं तर कुनी हात लावायचा न्हाई. ती सांगंल तवा मी जाईन दवाखान्यात. तवर न्हाई."

रणजितने बहिणीकडे पाहिलं. आबा एकदा बोलले की बदलत नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. निशा म्हणाली, तपासते.

त्यानंतर ती रोज सकाळी खडकीहून धायरीला येऊ लागली. ताजी विष्ठा हवी आणि ती कोणाची हे डोळ्यांनी पाहिलेलं हवं, म्हणून ती आणि हिंदुराव गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत उभे राहायचे. हिंदुराव नावं सांगायचे, ती डब्यांवर लिहायची. वॉचमनने ठेवलेली नावं बदलायची नाहीत असा त्यांचा नियम होता, त्यामुळे कुत्र्यांत बिहारी नावं होती, नेपाळी होती, आणि एका लंगड्या कुत्र्याचं नाव इंजिनियर होतं. उजव्या कुशीवर हात ठेवून सावकाश चालणारे आबा अशा वेळी थट्टा करायचे. म्हणायचे, एवढी शिकवली तुला, आन् शेवटी माज्याच गोठ्यात शेन गोळा करायला आलीस. त्या सकाळी निशाला बऱ्या वाटायच्या.

साखरेच्या दाट पाकात विष्ठा कालवायची, गाळायची, नळी यंत्रात फिरवायची. जंतांची अंडी हलकी असतात, ती वर येऊन काचेला चिकटतात. मग काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. बहुतेक कुत्र्यांत अंकुशकृमी निघाले, पिल्लांत गोलकृमी. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यांत ते निघतातच. आपल्याला हवं ते निघत नाही याचा तिला आनंद होऊ लागला होता, आणि अशा आनंदाचा अहवालात काही उपयोग नसतो हेही तिला माहीत होतं. शेवटी चंपीची काच आली. काचेवर गोल, तपकिरी, जाड कवचाची अंडी होती. कवचावर आरपार बारीक रेघा, आत हुकांसारखे इवले आकडे.

ही अंडी पट्टकृमींची होती, पण कोणत्या पट्टकृमीची ते त्यांच्याकडे बघून कळत नाही. एक जंत कुत्र्याच्या आतड्यात फितीसारखा लांब वाढतो आणि माणसाला सहसा त्रास देत नाही. दुसरा तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतो, आणि माणसाच्या पोटात पाण्याच्या गाठी होतात त्या त्याच्यामुळे. दोघांच्या अंड्यांत काहीही फरक दिसत नाही. तिने बराच वेळ डोळा लावून पाहिलं, जणू जास्त वेळ पाहिल्याने ती वेगळी दिसणार होती. मग नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. तिथे जनुकांवरून ओळख पटली असती, पण उत्तर यायला वेळ लागला असता, आणि आबांकडे तो नव्हता.

तिने गोठ्यातल्या सगळ्या कुत्र्यांना जंताचं औषध दिलं. आता चंपीच्या पोटात काहीही असलं तरी मरणार होतं. पण आबांनी विचारलं होतं ते वेगळं होतं. त्यांनी विचारलं होतं, हे यांच्यामुळे झालं का?

बसमध्ये तिला उत्तर सुचलं. ते सोपं होतं आणि पूर्ण खरं होतं. ते आधी सुचलं नाही याचं तिला आश्चर्य वाटलं.

दुपारी हिंदुराव अंगणात शेंगा सोलत बसले होते. एक दाणा स्वतःला, एक चंपीला. निशा समोर बसली आणि म्हणाली, "आबा, तुमची गाठ चंपीमुळे झालेली नाही. गोठ्यातल्या कुणामुळेच नाही."

गाठीच्या भिंतीवर चुना बसलाय, तिने सांगितलं. असा चुना बसायला आणि गाठ एवढी वाढायला कित्येक वर्षं जातात. पंधरा वर्षं, वीस वर्षंही असतील. गोठ्यातलं सगळ्यांत म्हातारं कुत्रं इंजिनियर, तोही दहाच्या पुढे नाही. ही गाठ तुमच्या पोटात आली तेव्हा यातलं एकही जन्माला आलेलं नव्हतं.

हिंदुरावांनी चंपीच्या डोक्यावर हात ठेवला. मग आत हाक मारून बायकोला सांगितलं, "ऐकलं का? डाक्टरीन बाई काय म्हनत्यात? पिशवी भरा माजी. जातो मी."

मथुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसून आत गेल्या. काम झालं होतं. निशाने तेव्हाच उठायला हवं होतं.

"मंग कुनामुळं?" हिंदुरावांनी सहज विचारलं. ते पुन्हा शेंगा सोलत होते.

"तेव्हाच्या कुठल्यातरी कुत्र्यामुळे."

"म्हंजी भुऱ्या. तवा भुऱ्याच हुता आपल्याकडं." त्यांना भुऱ्याची आठवण आल्याने बरं वाटलेलं दिसलं. "पर त्याला कुठनं आलं हे?"

समजावून सांगायची निशाची एकच रीत होती, पूर्ण सांगायचं. कुत्र्यांचे मालक प्रयोगशाळेत येत तेव्हा ती त्यांना सांगायची तसंच तिने वडिलांना सांगितलं. शेळ्यामेंढ्यांच्या काळजात, फुप्फुसात पाण्याचे फुगे असतात. ते कुत्र्याने कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात हा जंत होतो. मग त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, त्याच्या केसांना लागतात, अंगणात पसरतात, हाताला लागतात, तोंडात जातात. बोलता बोलता अर्ध्यावर आबांचे हात थांबलेले तिला दिसले. पण अर्धवट सोडलेलं वाक्य जास्त वाईट, असं वाटून तिने ते पुरं केलं.

भावकीची बकरी दरवर्षी त्यांच्याच खळ्यात कापली जायची. काळीज पहिल्यांदा बघण्याचा मान त्यांच्या घराण्याचा होता, आणि वडिलांमागे तो हिंदुरावांकडे आला होता. स्वच्छ काळीज नैवेद्याला. फुगे असलेलं देवाला चालत नसे. हिंदुराव ते बाजूला काढायचे आणि खळ्याच्या कडेला वाट बघत बसलेल्या आपल्या कुत्र्याकडे फेकायचे. फेकण्याआधी सुरीच्या टोकाने एखादा फुगा फोडून दाखवायचे. पाण्याची चिळकांडी उडायची आणि पोरं ओरडायची. निशाही त्यांत असायची.

चंपीने दाण्यासाठी हिंदुरावांच्या हाताला नाक लावलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मग ते म्हणाले, "साईनाथच्या डोक्यातबी पानीच निगालं हुतं."

साईनाथ हा पोपटकाकांचा एकुलता मुलगा. पोपटकाका म्हणजे हिंदुरावांचे शाळेपासूनचे मित्र, घर शेजारचंच. साईनाथ दिवसभर हिंदुरावांच्या अंगणात असायचा आणि दुपारी भुऱ्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचा. चौथीत असताना त्याचं डोकं दुखू लागलं, फिट्स येऊ लागल्या. ससूनला नेलं तेव्हा उशीर झाला होता. डोक्यात पाण्याची गाठ होती, एवढंच घरी येऊन सांगितलं गेलं. हिंदुरावांनी त्याला स्वतःच्या हातांवर घेऊन आणलं होतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी वर्गात हा जंत शिकवला गेला, त्या दिवसापासून निशाला हे उत्तर माहीत होतं. तिने ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

"तेव्हा तपासलं नव्हतं, आबा. आता सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई?"

"खरंच नाही येत. पाण्याच्या गाठी दुसऱ्याही असतात."

"पर तुला काय वाटतं?"

निशा गप्प राहिली. खोटं बोलायला तेवढाच वेळ मिळतो, आणि तो निघून गेला.

"बरं," हिंदुराव म्हणाले. त्यांनी टरफलं गोळा केली आणि उठले.

दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी रणजित गाडी दारात घेऊन आला. हिंदुराव आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर बसले होते, पण उठेनात. रणजितने समजावलं, मग आवाज चढवला, मग गाडीच्या चाव्या भिंतीवर फेकल्या. मथुराबाई पाया पडल्या. हिंदुराव एवढंच म्हणत राहिले, की आज नको. सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी निशाला जवळ बोलावलं.

"पोपटला सांगितल्याबिगर मी त्या टेबलावर झोपनार न्हाई. ऱ्हायलो तिथंच, तर ते तसंच माज्यासंगं जाईल."

"मग आज सांगा. मी बोलावून आणते त्यांना."

"सांगतो. संध्याकाळी येतोच की त्यो."

पोपटकाका रोज संध्याकाळी यायचेच. दोघे अंगणातल्या बाकावर बसायचे, पालिकेचं पाणी, गुडघे, कोणाच्या पोराने कुठे फ्लॅट घेतला असं बोलायचे. त्या संध्याकाळी हिंदुरावांनी सांगितलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. निशा खडकीहून फोन करून आईला विचारायची, काही बोलले का काकांशी? काय बोलायचंय ते मथुराबाईंना माहीत नव्हतं. त्या म्हणायच्या, नुसतेच बसतात गं हल्ली, पोपटभावोजी एकटेच बोलतात.

निशाने आबांना सांगून पाहिलं, की यात कोणाचा दोष नाही. तेव्हा गावात कोणालाच माहीत नव्हतं, आजही मटणाच्या दुकानांमागे हेच चालतं. ते सगळं बरोबर होतं. हिंदुरावांनी ते शांतपणे ऐकलं, सरकारी माणूस काही समजावून सांगतो तेव्हा ऐकायचे तसं. मी सांगू का काकांना, असं तिने विचारलं. ते म्हणाले, "तू न्हाई. माज्या हातानं टाकलेलं हाय, माज्या तोंडानंच सांगाय पायजे."

तरीही एकदा ती पोपटकाकांच्या घरी गेली. काका बाहेर गेले होते. काकूंनी चहा ठेवला, आबांची चौकशी केली, आणि बोलता बोलता स्वतःच साईनाथवर आल्या. आजारपणाची गोष्ट निघाली की त्या दरवेळी तिथेच यायच्या. त्या वर्षी यांनी भावकीचं बकरं दिलं नव्हतं, त्या म्हणाल्या. हात आखडला होता, म्हणाले पुढच्या वर्षी बघू, देव काय पळून जातो का. आणि पुढच्या वर्षी पोरगंच राहिलं नाही. तेव्हापासून एक वर्ष चुकवत नाहीत. मला मात्र कधी बोलू देत नाहीत, आपलंच चुकलं म्हणतात.

निशाने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि परत आली. आबांना तिने हे सांगितलं. त्यांना ते माहीत होतं, सगळ्या भावकीलाच माहीत होतं.

"तुम्ही सांगितलंत तर त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, आबा."

"आन् माज्यावर येईल."

"हो," निशा म्हणाली.

हिंदुरावांनी मान डोलावली. मुलीने टाळाटाळ केली नाही हे त्यांना आवडलं असावं.

दवाखान्याने दुसरी तारीख दिली, तीही गेली. रणजित घरात बोलेनासा झाला. सर्जनांनी निशाला फोनवर स्पष्ट विचारलं, तुमच्या वडिलांना ऑपरेशन करायचंय की नाही, आणि तिने करायचंय असं सांगितलं. ते तिला खरं वाटत होतं. रोज संध्याकाळी आबा पोपटकाकांसाठी बाकावर जागा करून ठेवत होते. रोज ते सांगण्याच्या अगदी जवळ जात असणार.

एका सकाळी गोठा धुतलेला होता. भाताचं पातेलं घेऊन हिंदुराव आत गेले, पाय घसरला, आणि कूस जुन्या गव्हाणीच्या कडेवर आपटली. लागलं नाही फारसं, असं म्हणत ते स्वतःच उठले. थोड्याच वेळात अंगावर लाल चट्टे उठले, ओठ सुजले, श्वास घेता येईना. रणजितने त्यांना मागच्या सीटवर झोपवलं. सिंहगड रस्त्यावर गाडी अडकलेली असतानाच ते गेले.

निशा थेट दवाखान्यात पोचली. तिथल्या तरुण डॉक्टरने तिला काय झालं ते सांगायला सुरुवात केली, आणि तिने त्याला मध्येच थांबवलं नाही. त्याने सगळं नीट सांगितलं.

चंपीचा अहवाल नंतर आला. जंत पहिल्या प्रकारचा होता, माणसाला त्रास न देणारा. निशाने तो रणजितला दाखवला. त्याने वाचला आणि घडी घालून परत दिला. कुत्री न्यायला गाडी बोलावून झाली होती. गोठा पाडायचं ठरलं होतं, आणि मथुराबाईंनी त्याला नाही म्हटलं नव्हतं. चंपीला मी नेते, असं निशा म्हणाली, पण चंपी गाडीत चढेना. ती गोठ्यामागे जाऊन बसली आणि दोन-तीन दिवसांनी कुठे गेली ते कोणाला कळलं नाही.

दहाव्याला भावकी जमली होती. माणसं पांगल्यावर पोपटकाका बाकावर, नेहमीच्या आपल्या बाजूला, येऊन बसले. निशा पाणी घेऊन गेली. ते पाणी प्यायले नाहीत, तांब्या हातात धरून बसले.

"एक इचारू का गं?"

"विचारा ना, काका."

"शेवटी शेवटी त्यो माज्याकडं बगत नव्हता. मी बोलायचो आन् त्यो तिकडं गोठ्याकडं बगायचा. दोनदा मला म्हनला, पोपट, एक सांगायचं हाय. आन् मंग म्हनायचा, ऱ्हाऊ दे." ते थांबले. "माजं काय चुकलं हुतं का? तुला म्हनला आसंल कायतरी."

निशा त्यांच्या शेजारी बसली. आबांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हटलं होतं, आणि आता ते तोंड नव्हतं. सांगितलं तर या माणसाचं इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असतं आणि रोज संध्याकाळी येऊन बसायची ही जागाही गेली असती. मित्राला जाळून दहाच दिवस झाले होते. काय सांगावं हे कोणत्याही काचेखाली दिसणारं नव्हतं.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यांना ऑपरेशनची भीती वाटत होती. तेच तुम्हाला सांगायचं असेल."

पोपटकाकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसल्याचं तिला दिसलं. निशा खोटं बोलत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"भित्राच हुता तसा," ते म्हणाले. "ल्हानपनी हिरीत उडी मारायची तर आदी मला ढकलायचा. मी वर आलो की मंग ह्यो." मग जरा वेळाने म्हणाले, "मला म्हनला आसता तर मी गेलो आसतो की संगं. बसलो आसतो दाराभाईर."

निशाने मान हलवली. काकांनी तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि ती तिथेच बसून राहिली.